डच भाषेतलं 'असणं' तीन घरचं

डच शिकायला बसलं की पहिल्याच आठवड्यात एक तक्ता अंगावर येतो. मी आहे म्हणजे 'इक बेन', तू आहेस म्हणजे 'येइ बेंट', तो आहे 'हेइ इस', आम्ही आहोत 'वेइ झेइन', मग भूतकाळात गेलात की एकदम 'वास' आणि 'वारन', अजून पुढे 'खवेस्ट', आणि कुणाला सावध रहा म्हणायचं असेल तर 'वेस'. आणि वर शिकवणारे सांगतात की ही सगळी रूपं एकाच क्रियापदाची, त्याचं नाव 'झेइन', म्हणजे आपलं असणे. बेन, इस, झेइन, वास, वेस यात एक अक्षर तरी सगळ्यांत समान आहे का बघा. नाही. मी वर्गात विचारलं असं का, तर उत्तर मिळालं की का-बिका काही नाही, पाठ करा. पाठ केलं, पण डोक्यातून जाईना, कारण कुठलीही भाषा अशी उगाच वेडीवाकडी होत नाही. मग शोधत गेले आणि जे सापडलं ते एवढं आपल्या घरातलं निघालं की म्हटलं लिहूनच काढावं.

आधी उच्चाराचं सांगते, कारण इथे सगळं देवनागरीत लिहितेय. झेइन मधला झ हा 'झाड' मधला, 'झेंडू' मधला, 'झटपट' म्हणतो तो, 'झाशी' वाला नाही. पुढचा एइ म्हणजे ए आणि इ एका दमात, हाच आवाज येइ, हेइ, वेइ सगळीकडे. खवेस्ट मधला ख घशातून, खाकरल्यासारखा, डच लोकांचा ग म्हणजे हाच आवाज, आणि उत्तरेकडे तो जास्तच खरखरीत. अॅमस्टरडॅमकडे बरेच जण झ चा स करतात त्यामुळे तिकडे झेइन हे सेइन ऐकू येतं, घाबरू नका, तोच शब्द. आणि वारन, वेझन वगैरे शब्दांच्या शेवटचा न बहुतेक लोक गिळतात, नुसतं वारं, वेझं असं ऐकू येतं.

तर मुद्दा असा की झेइन हे एक क्रियापद नाहीच. तीन वेगवेगळी क्रियापदं होती, कधीकाळी आपापला संसार करणारी, तिघांचेही काही काही भाग गळून पडले आणि उरलेल्या तुकड्यांची गोधडी शिवली गेली, तिला आता झेइन म्हणतात. आणि ती तीन क्रियापदं म्हणजे कोण, तर संस्कृतमधले अस्, भू आणि वस् यांचे सख्खे भाऊबंद. म्हणजे डच लोकांनी संस्कृतातून उचललं असं अजिबात नाही, व्हॉट्सअॅपवर फिरतं तसलं काही डोक्यात आणू नका. संस्कृत आणि डच या दोघींची फार जुनी एक पणजी आहे, तिला अभ्यासक इंडो-युरोपीय म्हणतात, तिच्याकडून दोघींना वेगवेगळा वाटा मिळाला एवढंच.

पहिला तुकडा अस्. संस्कृतात अस्ति म्हणजे आहे. डचमधे 'इस', जर्मनमधे 'इस्ट', लॅटिनमधे 'एस्ट'. डचने शेवटचा त गाळला म्हणून ओळख पटत नाही, पण जर्मन मधे ठेवून बघितलं की लगेच दिसतं. आता शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवत असेल, अस्ति, स्तः, सन्ति. एकवचनात अ आहे आणि अनेकवचनात अ गायब, नुसता स उरतो. मला दहावीत हे कधी कळलं नाही की असं का, मार्क मिळत होते म्हणून पाठ केलं. डचमधे पण अगदी तेच झालंय, एकवचनात इस आणि अनेकवचनात सुरुवातीचा स्वर उडालेला, स चा झ होऊन झेइन. म्हणजे 'तो आहे, ते आहेत' याला हेइ इस, झेइ झेइन, आणि हे अस्ति–सन्तिचंच दुखणं आहे, हजारो वर्षं जुनं. (ते म्हणजे पण झेइ आणि ती म्हणजे पण झेइ, आणि 'त्याचा' याला पण झेइनच म्हणतात, त्यामुळे 'झेइन झेइन किंडरन टाउस?' असं वाक्य होऊ शकतं, अर्थ 'त्याची मुलं घरी आहेत का?'. पहिला झेइन क्रियापद, दुसरा 'त्याची'. या दुसऱ्याचं मूळ वेगळं आहे, योगायोगाने आवाज सारखा झाला.)

याच अस् पासून आपल्याकडे सत्, सत्य, सज्जन, संत, सत्ता एवढं गोत आहे. सत् म्हणजे जे आहे ते, म्हणून खरं, म्हणून चांगलं. गंमत म्हणजे डचमधे पाप या अर्थाचा शब्द 'झोंड' आहे, आणि बहुतेक अभ्यासक त्याचं नातं पण याच धातूशी लावतात, म्हणजे 'हो, तो मीच, हे माझ्याकडून झालं आहे' म्हणून दोषी, म्हणून पाप. एकाच धातूतून आपल्याकडे संत निघाले आणि त्यांच्याकडे पाप निघालं, आता याला काय म्हणायचं.

दुसरा तुकडा भू. भवति, अभूत्, भविष्य, भूतकाळ सगळं यातलं. आपल्याकडे भवति चं प्राकृतात होइ झालं आणि त्यातून आपलं होणे, होईल. आणि डचमधे याच्यातून उरलं फक्त बेन आणि बेंट, दोनच रूपं, एवढाच त्याचा वाटा. संस्कृतात जिथे भ तिथे डचमधे ब हे पक्कं समीकरण आहे, भ्राता म्हणजे ब्रूर. पण बेन मधला न कुठून आला? तो भू चा नाहीये. जर्मन मधे आज 'बिन' म्हणतात, हजारेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे ते 'बिम' होतं, शेवटी म. आणि हा म म्हणजे अस्मि मधला मि, अहं ब्रह्मास्मि मधला. म्हणजे बेन हा एवढासा शब्द, त्यात ब आलाय भू कडून आणि न आलाय अस्मि कडून. गोधडीतल्या एका ठिगळातच परत दोन कापडं. इक बेन म्हणताना आपण अर्धं भवामि आणि अर्धं अस्मि म्हणत असतो.

तिसरा तुकडा वस् आणि हा माझा सगळ्यात लाडका. वस् म्हणजे राहणं, मुक्काम करणं, रात्र काढणं. वस्ती, निवास, वसतिगृह, रहिवास, अगदी उपवास सुद्धा यातलाच, उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणं. डचमधे या वस् कडे अख्खा भूतकाळ आला. इक वास म्हणजे मी होते. आता तुम्ही देवनागरीत वास लिहिलंत की मराठी माणसाला नाकातला वास आठवतो पण खरं तर तो निवासातला वास आहे. 'मी तिथे राहिले' चं हळूहळू 'मी तिथे होते' झालं. असं होणं काही परकं नाही, आपण पण म्हणतोच की 'तो शेवटपर्यंत गरीबच राहिला', यात राहणं म्हणजे घर भाड्याने घेऊन राहणं नसतं.

पण खरी मजा आज्ञार्थात आहे. डचमधे आज्ञा करताना ना बेन चालतं ना झेइन, तिथे वस् वालं 'वेस' लागतं. वेस फोरझिख्टख म्हणजे सावध रहा. वेस स्तिल म्हणजे गप्प रहा. वेस नीट बांग म्हणजे घाबरू नकोस. मला वाटायचं हे काय नवीन, आज्ञेसाठी वेगळाच शब्द कशाला. आणि मग एक दिवस ट्रेनमधे बसल्या बसल्या लक्षात आलं की अगं आपण तरी काय करतो. आपण 'सावध अस' म्हणतो का? पुस्तकात म्हणत असतील. घरात आपण म्हणतो सावध रहा, गप्प रहा, तयार रहा, खूश रहा. आपण पण आज्ञा करताना असणे सोडून राहणे धरतो. म्हणजे जिथे डच माणूस वस् कडे वळतो नेमकं तिथेच मराठी माणूस राहणे कडे वळतो, शब्द वेगळे पण वाट तीच. आणि कारण सरळ आहे, 'अस' अशी आज्ञा कशी देणार, असणं हे काय हातात नसतं, पण एखाद्या स्थितीत टिकून रहा हे सांगता येतं. (वेस चा अजून एक अर्थ अनाथ मूल, ते मूळ वेगळं, वाक्यात कधी गोंधळ होत नाही.)

वेस ज्याचं रूप आहे ते पूर्ण क्रियापद 'वेझन', आणि जुन्या डचमधे असणे याचं मूळ रूप हेच होतं, झेइन हे मूळ रूप म्हणून मागाहून पुढे आलं. आज वेझन मागच्या बाकावर बसलाय, पण गेलेला नाही. हजेरी घेताना हजर याला आनवेझख आणि गैरहजर याला आफवेझख म्हणतात, दोन्हीत मधे वेझ बसलाय बघा. हाकलून लावायचं असेल तर वेखवेझन, म्हणजे चला फुटा इथून. आणि कुणी काही पटणारं न पटणारं बोललं तर 'दाट कान वेल वेझन', असेलही बाबा.

आता वास आणि वारन. मी होते वास, आम्ही होतो वारन. स चा र कसा झाला? आपल्याला स चा र होणं नवीन नाहीये, दुस् आणि निस् हे उपसर्ग आठवा, दुस्तर मधे स आहे आणि दुर्गम मधे र, निस्तेज मधे स आणि निर्मळ मधे र. नियम तंतोतंत तोच नाही पण वाट तीच, स आधी मऊ होऊन झ सारखा होतो आणि मग र होतो. डचमधे ते कधी होतं हे कोडं १९व्या शतकात युरोपातल्या भल्याभल्यांना सुटत नव्हतं, काही शब्दांत होतं, काहींत नाही, अपवादांची ही लांबलचक यादी. ते सोडवलं कार्ल व्हर्नर नावाच्या डेन्मार्कच्या तरुणाने १८७० च्या दशकात आणि त्याने किल्ली कुठून आणली तर वैदिक संस्कृतच्या स्वरांमधून. वेद म्हणताना शब्दात कुठल्या अक्षरावर उदात्त स्वर येतो हे आपल्याकडे इतकं काटेकोर जपलं गेलं की त्यावरून त्याला कळलं की जुन्या काळी आघात कुठे होता. आघात आधीच्या अक्षरावर असेल तर स तसाच राहतो, नंतरच्या अक्षरावर असेल तर स मऊ होऊन र होतो. वस् चं संस्कृतातलं परोक्ष भूतकाळाचं रूप एकवचनात उवास, तिथे आघात धातूवरच म्हणजे वा वर, अनेकवचनात ऊषुः, तिथे आघात शेवटच्या प्रत्ययावर. म्हणून डचमधे एकवचन वास, स शाबूत, आणि अनेकवचन वारन. इंग्रजीत वॉज आणि वेअर चं भांडण पण हेच. पाठशाळेत हात वरखाली करत ऋचा घोकणाऱ्या मुलांमुळे वास–वारन चं कोडं सुटलं म्हणजे बघा.

ज्यांना वाटतं एका क्रियापदासाठी एवढं कशाला शिकायचं त्यांच्यासाठी, हाच स–र चा खेळ डचमधे अजून जागोजागी आहे. हरवणे याला फरलीझन पण हरवलं याला फरलोरन, गोठणे याला फ्रीझन पण गोठलेलं म्हणजे खफ्रोरन. एकदा कळलं की अपवाद वाटत नाहीत.

ही सगळी तुलना सुरू कधी झाली? विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाचं १७८६ चं कलकत्त्यातलं भाषण सगळ्यांना माहिती असतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंमधे आणि व्याकरणात एवढं साम्य योगायोगाने येणं शक्य नाही. पण त्याच्याही आधी, १६४७ मधे, हॉलंडातल्याच लायडन विद्यापीठात मार्कुस फान बोक्सहोर्न नावाचा प्राध्यापक म्हणत होता की डच, लॅटिन, ग्रीक, फारसी या सगळ्या एकाच हरवलेल्या भाषेतून आल्यात. संस्कृत त्याच्या हिशोबात नव्हती, नाहीतर मजा आली असती. पुढे १८१६ ला फ्रांत्स बॉप या जर्मन माणसाने नुसती क्रियापदांची रूपं शेजारी शेजारी मांडून पुस्तक काढलं, संस्कृत एका बाजूला आणि ग्रीक, लॅटिन, फारसी, जर्मनिक दुसऱ्या बाजूला, आणि तिथून हा विषय शास्त्र म्हणून उभा राहिला. शब्द तर कुठूनही उसने घेता येतात हो, आपण टेबल घेतलं, डचांनी आपल्याकडून कितीतरी मालाची नावं नेली, पण 'आहे–आहेत' चे हट्ट कुणी उसने घेत नाही, ते रक्तातूनच येतात, म्हणून पुरावा म्हणून क्रियापद भारी पडतं. लायडनला १८६५ मधे संस्कृतचं अध्यासन पण सुरू झालं, पहिले प्राध्यापक हेन्ड्रिक केर्न, जे त्याआधी काशीला शिकवून आले होते.

बरं आता वापराकडे. तक्ता परत एकदा, पण आता घर लक्षात ठेवून. भू घरचे: इक बेन, येइ बेंट. अस् घरचे: हेइ इस, आणि अनेकवचनात सगळे झेइन, आम्ही वेइ झेइन, तुम्ही युली झेइन, ते झेइ झेइन. वस् घरचे: अख्खा भूतकाळ, एकवचनात वास, अनेकवचनात वारन, शिवाय खवेस्ट आणि वेस. एवढंच आहे. आदरार्थी 'यू' बरोबर यू बेंट म्हणायचं, जुन्या माणसांच्या तोंडी यू इस पण ऐकू येतं.

एक खड्डा मात्र आहे आणि त्यात सगळे पडतात. येइ बेंट बरोबर, पण प्रश्न विचारताना येइ मागे गेला की बेंट चा ट गळतो, बेन येइ. वार बेन ये, कुठे आहेस. आणि हे फक्त येइ च्या बाबतीत, यू मागे गेला तरी बेंट यू तसाच. मी पहिले सहा महिने ट लावत होते आणि समोरचे लोक काही बोलायचे नाहीत, नुसते भुवया हलवायचे.

बेल्जियमला गेलात, म्हणजे फ्लांडर्समधे, तर अजून वेगळं, तिथे 'खेइ झेइट' म्हणतात, तू आहेस. आणि हे खेइ खरं तर अनेकवचन होतं, तुम्ही. डच भाषेला आधी आपल्या तू सारखा अगदी सख्खा शब्द होता, सन ११००च्या आसपासची एक प्रसिद्ध जुनी ओळ आहे, सगळ्या पक्ष्यांनी घरटी बांधायला घेतली, मी आणि तू सोडून, त्यात 'थू' आहे, तोच आपला तू. मग लोक एकमेकांना जरा जास्तच मान द्यायला लागले, सगळ्यांनाच तुम्ही म्हणायला लागले आणि १६०० च्या आगेमागे लिहिण्याच्या भाषेतून तू गेलाच. उत्तरेला ख्रोनिंगन आणि दक्षिणेला लिम्बर्गकडच्या बोलींत तो अजून आहे. बाकीच्यांकडे तुम्ही चाच तू झाला, आणि मग अनेकांना काय म्हणायचं हा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी त्यापुढे लोक जोडलं आणि त्याचं घासून घासून युली झालं. शब्दशः 'तुम्ही लोक'. पुण्यात कट्ट्यावर बोलतात तसं.

अस् चा अजून एक नमुना डच लोकांच्या खिशात असतो आणि त्यांचं लक्ष नसतं. दोन युरोचं डच नाणं घ्या आणि कडेवर बघा, तिथे कोरलंय 'खोट झेइ मेट ओन्स', देव आमच्यासोबत असो. यातलं झेइ म्हणजे असो, संस्कृतात स्यात्, जैनांच्या स्याद्वाद मधलं. हे इच्छेचं रूप आता बोलण्यातून जवळपास गेलंय, पण काही शब्दांत सांगाडा राहिलाय. तेनझेइ म्हणजे 'जर... नसेल तर', मूळ 'ते न असो' असे तीन तुकडे चिकटून झालेला शब्द. आणि गोष्टी सांगताना 'आल्स हेट वारं', म्हणजे जणू काही, त्यात वस् घरचं तसलंच रूप.

मराठी माणसाला यात सोपं काय आणि अवघड काय? सोपं हे की आपलं स्वतःचं क्रियापदच एवढं ठिगळांचं आहे, आहे, होता, असेल, नाही, नव्हता, नसतो, की कुणी डच माणूस मराठी शिकायला बसला तर रडेल. आपल्याकडे तर नाही हे पण क्रियापदासारखं चालतं, नाहीस, नाहीत. डचमधे गपचूप मागे नीट लावायचं, इस नीट, झेइन नीट, झालं. शिवाय आपण 'आकाश निळं आहे' आणि 'आकाश निळं असतं' यात फरक करतो, आत्ताचं वेगळं आणि एरवीचं वेगळं, डचमधे दोन्हीला इस. पहिले काही दिवस मला त्यांची भाषा यामुळे गरीब वाटायची.

मग वस्तू कुठे आहे हे सांगायची वेळ आली आणि माझा माज उतरला. बाटली टेबलावर आहे, आपण आहे म्हणून मोकळे. डचमधे बाटली टेबलावर उभी असते, पुस्तक झोपलेलं असतं, कोट लटकलेला असतो, किल्ली पिशवीत बसलेली असते आणि कॉफीत साखर पण बसलेलीच असते. इस म्हटलं तर कळतं त्यांना, पण लगेच ओळखतात की ही बाहेरची. आपण फार तर गाडी दारात उभी आहे म्हणतो, बाकी उभं-आडवं आपण माणसांसाठी ठेवलंय.

पूर्ण भूतकाळातही गोंधळ आहे. आपलं साधं आहे, मी गेलेय, मी खाल्लंय, मी झोपलेय, सगळ्यात आहे च. डचमधे काहींना झेइन लागतं आणि काहींना हेबन, हेबन म्हणजे जवळ असणे. मी स्वतःपुरती एक युक्ती केलीय. मराठीत जिथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला, तिथे डचमधे जवळजवळ नेहमी हेबन. जिथे बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं, मी गेले, आले, पडले, तिथे झेइन ची शक्यता. पण शक्यताच, कारण हसले, रडले, झोपले यांना परत हेबन. कुठून तरी कुठे तरी गेलात किंवा तुमची अवस्था बदलली तरच झेइन. सायकल चालवली एवढंच सांगायचं तर इक हेब खफीट्स्ट, पण सायकलने घरी गेले तर इक बेन नार हाउस खफीट्स्ट. आणि खुद्द झेइन ला झेइनच लागतं, इक बेन खवेस्ट, म्हणजे एका वाक्यात भू, अस् आणि वस् तिघे एकत्र जेवायला बसलेले.

रोजच्या बोलण्यात मला सगळ्यात आवडलेली रचना म्हणजे 'इक बेन वेझन झ्वेमन'. पुस्तकी डोक्याने बघितलं तर 'मी असणे पोहणे', काही अर्थ लागत नाही. अर्थ आहे मी पोहायला जाऊन आले. जाऊन आले हे मराठीत आपण किती सहज म्हणतो ना, बघून आले, खाऊन आलो, भेटून आले, इंग्रजीत याची मजा येत नाही, आणि डचमधे ते असं सरळ मिळालं. गेलो आणि आलो ही दोन्ही टोकं त्यात आहेत. आणि अजून परत आला नसेल तर? तर नुसतं इस. 'हेइ इस फिसन', शब्दशः तो आहे मासे धरणे, अर्थ तो मासे धरायला गेलाय, म्हणजे इथे नाहीये. आहे म्हणून नाही सांगणारं वाक्य. अभ्यासकांनी याला वेगळं नाव पण दिलंय, अॅब्सेंटिव्ह, म्हणजे गैरहजेरीचं रूप.

याच डच लोकांपैकी काही १६५२ ला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपला जाऊन वसले आणि तिथे पुढे जी आफ्रिकान्स भाषा झाली तिने हा सगळा पसारा आवरून टाकला. 'एक इस' (इथे एक म्हणजे मी), 'येइ इस', 'ओन्स इस', मी तू आम्ही सगळ्यांना इस, भूतकाळात सगळ्यांना वास, आणि मूळ रूप वेस. तीन शब्दांत संसार. बेन गेलाच. आपल्या घरातला भू तिकडे पोचलाच नाही, अस् आणि वस् वर भागवलं. मग डचांनी का नाही आवरलं? कारण हे क्रियापद दिवसातून शंभरदा तोंडात येतं, पोर बोलायला लागायच्या आधीपासून ऐकत असतं, एवढं घासलेलं रूप कुणाला वाकडं वाटतच नाही. क्वचित वापरतो ती क्रियापदं लोक विसरतात आणि सरळ करून टाकतात, रोजची तशीच राहतात. आफ्रिकान्समधे मोठ्यांनीच, वेगवेगळ्या भाषांच्या लोकांनी, ती शिकून वापरली, तेव्हा ठिगळं सुटली.

आमच्या गल्लीतल्या चपला-बूट शिवणाऱ्या आजोबांच्या दुकानावर दुपारी एक पाटी लटकते, 'बेन झो तेरुख'. मी आलेच या अर्थाने. शब्दशः बघितलं तर 'आहे लगेच परत', मी सुद्धा गाळलाय आणि येणे पण नाही, नुसता बेन. आपण तिथे 'आलोच' लिहिलं असतं, अजून यायचंय तरी आलो, भूतकाळात. पाटी लावून आजोबा जातात ते चांगले पाऊण तासाने येतात, दोन्ही भाषांत तेवढाच वेळ लागतो.